नदी आटते तेव्हा परीक्षा असते

नाशिकच्या विधी महाविद्यालयाचं वर्ष जून-जुलैत उघडतं आणि गोदावरीचं प्रदूषण नेमकं त्याच सुमाराला झाकलं जातं. ब्रह्मगिरीवर पाऊस धरला, गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की रामकुंडात गढूळ, जोरकस पाणी येतं. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की छातीला, यावर गावात पुराची मोजदाद चालते. नाल्यांचं सांडपाणी या पाण्यातही असतंच, पण ते इतकं पातळ झालेलं असतं की बाटली भरून प्रयोगशाळेत दिली तर अहवाल नदीची तारीफ करत परत येतो. नदी खरं बोलते ती फेब्रुवारीपासून मेपर्यंत. धार बारीक होते, पाणवेली पसरते, तपोवनाच्या खाली फेस दिसायला लागतो. आणि तेव्हा कायद्याची मुलं सबमिशन, तोंडी परीक्षा आणि सेमिस्टरचे पेपर यांत बुडालेली असतात.

नाशिकसारख्या गावात पर्यावरण कायद्याचा वर्षभराचा उपक्रम फसतो तो बहुधा इथेच. वक्ते चांगले मिळतात, मुलं हुशार असतात, ५ जूनला रोपंही लागतात. पण कामाचं वेळापत्रक आखलेलं असतं विद्यापीठाच्या परिपत्रकावरून. नदीचं वेळापत्रक वेगळं, कायद्यातल्या मुदतींचं वेगळं आणि विद्यापीठाचं वेगळं. तिन्ही एका भिंतीवर शेजारी शेजारी लावली की कुठला महिना कशाला द्यायचा ते दिसतं. उरलेलं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

विषय सक्तीचा आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांची वानवा नाही. पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता प्रकरणात सांगितलं. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतही पर्यावरण कायदा अनिवार्य विषयांत बसला. परीक्षेपुरतं सगळ्यांना येतं: १९७४ चा जल कायदा, १९८१ चा हवा कायदा, भोपाळनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, रतलाम नगरपालिकेचा १९८० चा निकाल, वेल्लोरचा १९९६ चा. पण ‘नाल्याला आज निळा रंग आलाय, उद्या सकाळी कुठल्या कार्यालयात कुठला कागद घेऊन जाल?’ असं विचारलं की वर्ग खिडकीबाहेर बघतो.

म्हणून जुलै-ऑगस्ट कागदाला द्यावेत. बाहेर पाऊस असतोच. दोन-दोन विद्यार्थ्यांची जोडी करायची आणि प्रत्येक जोडीला वर्षभरासाठी एकच ठिकाण द्यायचं: एखादा नाला, एखादं मलजल शुद्धीकरण केंद्र, सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतला एखादा उद्योग. पहिलं काम म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मिळवून वाचणं. बरीच संमतीपत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. तिथे न पाहताच माहिती अधिकाराचा अर्ज ठोकणं ही नवशिक्यांची आवडती चूक. संमतीपत्रात उत्पादनांची यादी आणि क्षमता असते, रोज किती घनमीटर पाणी वापरायचं आणि किती सांडपाणी निघणार ते असतं, बीओडी-सीओडीच्या (पाण्यातली घाण विघटित व्हायला लागणाऱ्या प्राणवायूच्या) मर्यादा असतात, प्रक्रिया केलेलं पाणी कुठे सोडायचं ते असतं, बँक हमीची रक्कम आणि संमतीची मुदत असते. मुलांना आधी पाण्याचा ताळेबंद मांडायला लावावा. आत आलेलं पाणी, उत्पादनात गेलेलं, वाफ झालेलं, बाहेर पडलेलं. बेरीज जुळत नसेल तर पाणी कुठेतरी मुरतंय, आणि इथे हा वाक्प्रचार शब्दशः खरा असू शकतो: कूपनलिकेत किंवा मागच्या शेतात.

संकेतस्थळावर न मिळणाऱ्या गोष्टींसाठी माहिती अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप लावला तरी चालतो. अर्जात ‘का’ हा शब्द आला की तो फुकट गेला म्हणून समजा. ‘कारवाई का झाली नाही?’ याला जनमाहिती अधिकारी शांतपणे लिहितो की प्रश्नार्थक माहिती कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, आणि कायद्याने तो चुकत नसतो. त्याऐवजी मागायच्या त्या ठरावीक कागदांच्या प्रती: गेल्या बारा महिन्यांचे सांडपाणी तपासणी अहवाल, क्षेत्र अधिकाऱ्याचे भेट अहवाल, कारणे दाखवा नोटिसा, बँक हमी जप्त केल्याचे आदेश. त्याहून चांगलं म्हणजे नस्तीचं (फाइलचं) अवलोकन मागणं. पहिल्या तासाला शुल्क नाही, आणि टिपणीच्या पानांवर कुणी काय शेरा मारला ते डोळ्यांनी दिसतं. उद्योगाने ‘व्यापारी गुपित’ म्हणून हरकत घेतली तर त्रयस्थ पक्षाची प्रक्रिया सुरू होते आणि ३० दिवसांचे ४० होतात. उत्तर आलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये. त्याचा निर्णय ३० दिवसांत, फार तर ४५. म्हणजे जुलैचा अर्ज नीट चालवला तर कागद हातात पडायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. ऑक्टोबरमध्ये अर्ज केला तर तो कागद परीक्षेच्या तोंडावर येतो आणि कुणी उघडतही नाही.

पोच घेतल्याशिवाय टपाल-टेबलावरून हलायचं नाही. वर्षभरात मुलांना शिकवायची ही बहुधा सर्वांत महत्त्वाची गोष्ट असावी, आणि कुठल्याही अभ्यासक्रमात ती नाही.

सप्टेंबर आवाजाचा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र होऊ शकतात. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. ते दिवस कुठले, याची प्रत आधी हातात हवी. वाकडी बारवेपासून निघणाऱ्या विसर्जन मिरवणुकीत मोबाइलवरच्या ॲपचा आकडा दाखवून तक्रार केली तर ती पहिल्या प्रश्नाला कोसळते. मीटर प्रमाणित हवा, ‘ए’ वेटिंगवर (माणसाच्या कानाला जुळणाऱ्या मापणीवर) लावलेला, वाऱ्याची स्पंजी टोपी घातलेला, मोजणीआधी आणि मोजणीनंतर ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरने तपासलेला. भिंतीला चिकटून उभं राहिलं तर परावर्तित आवाजाने आकडा फुगतो. जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंची आणि भिंतीपासून तीन-साडेतीन मीटर अंतर ठेवायचं. भद्रकालीच्या गल्लीत ते मिळत नाही, म्हणून मोजणीची जागा आदल्या दिवशीच हेरून ठेवावी लागते. आणखी एक बारकावा असा की तक्रार ज्या ‘प्राधिकाऱ्या’कडे करायची तो शहरात पोलीस आयुक्त असतो, तर ग्रामीण भागात जिल्हाधिकारी किंवा किमान उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी. 

ऑक्टोबर आला की नाशिकच्या वर्तमानपत्रांत जायकवाडी येतं, आणि त्यातून अभिरूप न्यायालयाचा आयता विषय मिळतो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यातलं कलम १२(६)(क), समन्यायी वाटपाचं. प्राधिकरणाचा सप्टेंबर २०१४ चा आदेश. जायकवाडीत ६५ टक्के उपयुक्त साठा झाला नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचं सूत्र. नाशिकच्या मुलाला मराठवाड्याची बाजू मांडायला द्यावी आणि मराठवाड्यातून आलेल्याला नाशिकची. घरी काय ऐकलंय ते बाजूला ठेवून वाद घालायची सवय इतकी चटकन दुसऱ्या कुठल्या विषयात लागत नाही.

मूटबद्दल, म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धांबद्दल, मात्र एक तक्रार नोंदवायला हवी. पर्यावरण कायद्यातली स्टेटसनसारखी आंतरराष्ट्रीय स्पर्धा, तिच्या भारतातल्या पात्रता फेऱ्या, लेखी युक्तिवादाची शिस्त हे सगळं उत्तम आहे. पण मूटच्या प्रश्नात वस्तुस्थिती आयती वाढलेली असते. ‘मासे मेले, कारखाना जबाबदार’ असं पहिल्याच परिच्छेदात छापलेलं असतं. खऱ्या प्रकरणात मासे कधी मेले, कुणी पाहिले, पंचनामा कुणी केला आणि मासे गेले कुठे यावरच वर्ष निघून जातं. मूटमध्ये पारितोषिक मिळवलेली जोडी प्रत्यक्ष तक्रार लिहिताना अडखळते, याचं नवल वाटू नये. मूट शिकवतो तो युक्तिवाद. ताजेपणाची शिस्त तरी त्यात कडक लावावी: पूर्वलक्षी पर्यावरण मंजुरी बेकायदा ठरवणारा वनशक्ती प्रकरणातला १६ मे २०२५ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक मतांनी मागे घेतला. जुलैत लिहिलेला लेखी युक्तिवाद डिसेंबरमध्ये तसाच वाचला तर समोरच्याला हसू येईल.

पाऊस ओसरला की जनसुनावण्यांचा हंगाम. प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीच्या सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे किमान ३० दिवसांची नोटीस वर्तमानपत्रांत यावी लागते, अहवालाचा गोषवारा मराठीतही उपलब्ध हवा, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष हवा, सगळ्याचं चित्रीकरण हवं. गणपूर्तीची अट नाही. पाच माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरलं जातं, हे गावकऱ्यांना आधी सांगावं लागतं. गावात बहिष्काराची भाषा निघते तेव्हा तर नक्कीच. बहिष्काराने सुनावणी थांबत नाही, इतिवृत्तात फक्त ‘हरकत आली नाही’ असं उतरतं. विद्यार्थ्यांचं काम म्हणजे पाचशे-सातशे पानांचा अहवाल आठवड्यात फोडून गावाला दोन पानांत सांगणं. कुठे पाहायचं? वनस्पतींच्या यादीत, कारण दुसऱ्या जिल्ह्याचा अहवाल उचलून चिकटवला असेल तर निफाडच्या परिसरात खारफुटी उगवलेली सापडते. वाऱ्याच्या दिशेच्या आकृतीत. मूलभूत नोंदी कुठल्या महिन्यांतल्या आहेत त्यात, कारण पावसाळा सोडून एका हंगामाच्या नोंदी लागतात. आणि अंतरात. संरक्षित क्षेत्राच्या ५ किलोमीटरच्या आत एरवी राज्य पातळीवर मंजूर होणारा ‘ब’ वर्गाचा प्रकल्प आला तर तो ‘अ’ वर्गासारखा केंद्राकडे जातो. हे अंतर अभयारण्याच्या अधिसूचित हद्दीपासून मोजायचं असतं. पक्षीनिरीक्षणाच्या मनोऱ्यापासून मोजलेलं असेल तर आकडा सोयीचा येतो.

अभयारण्य म्हणजे नांदूरमध्यमेश्वर. डिसेंबरमधली तिथली सहल बहुतेक महाविद्यालयं काढतात, चापडगावला दुर्बिणीतून रोहित (फ्लेमिंगो) दिसले की सहल सुफळ संपूर्ण. कायद्याच्या अंगाने मात्र ही जागा भलतीच गुंतागुंतीची आहे आणि दिवसभर पुरते. मुळात हा गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा पाटबंधाऱ्याचा जुना बंधारा. गाळ साचून पाणथळ झाली. १९८६ साली अभयारण्य. पुढे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव, राज्यातलं पहिलं, २०२० च्या सुरुवातीला जाहीर झालेलं. आता २०१७ चे पाणथळ नियम उघडा. रामसर स्थळांना ते लागू आहेत. पण पाणथळीच्या व्याख्येतून सिंचनासाठी बांधलेले जलसाठे वगळले आहेत, आणि वन्यजीव कायद्याखाली येणारं क्षेत्रही नियमांनी बाजूला ठेवलं आहे. मग गेल्या दहा वर्षांच्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरमध्ये पक्कं बांधकाम नको, हा नियम इथे कुणी, कुठे, कुठल्या कलमाने लावायचा? वरून शहराचं पाणी आलं तर जबाबदार कोण: वनखातं, जलसंपदा, महापालिका की मंडळ? या प्रश्नाची चार कार्यालयांना उद्देशून चार पत्रं लिहून पाहावीत. रोहित दुपारपर्यंत थांबतात.

जानेवारीतला येवल्याचा पतंगोत्सव हा एका छोट्या, पण डोळे उघडणाऱ्या अभ्यासाचा विषय आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घातली. दरवर्षी छापे पडतात, मांजाचे गट्टू (रिळं) जप्त होतात, फोटो छापून येतात. पुढे खटल्यांचं काय होतं ते न्यायालयाच्या नोंदीत जाऊन पाहावं. लोकसेवकाचा आदेश मोडल्याचा गुन्हा, पूर्वीचं १८८ आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२३, लावला असेल तर न्यायालयाला दखल घेण्यासाठी त्या लोकसेवकाची लेखी तक्रार लागते; नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१५ तसं सांगतं. नुसतं दोषारोपपत्र गेलं तर बचावाचा वकील पहिल्याच तारखेला हे कलम पुढे करतो. पर्यावरण कायद्याची अंमलबजावणी कुठे गळते, याचा इतका स्वस्त आणि सोपा धडा दुसरा नाही.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या बाजूला हिवाळी शिबिर नेलं तर वनहक्काचं, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या दाव्यांचं, काम करता येतं. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चातली एक मोठी मागणी हीच होती. नमुना अ वैयक्तिक दाव्याचा, ब सामूहिक हक्कांचा, क सामूहिक वनसंपत्तीचा. अनुसूचित जमातीच्या दावेदाराचा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा, कमाल ४ हेक्टर. पुरावे किमान दोन हवेत, आणि त्यांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी बांधबंदिस्ती, आंब्याची झाडं, घराचा चौथरा हे सगळं चालतं. तरी दावे पडतात. कसे? वनहक्क समितीच्या पाहणीला वनखात्याचा माणूस आला नाही म्हणून पंचनामा अर्धवट राहतो. ग्रामसभेच्या ठरावावर गणपूर्तीच्या सह्या नसतात, किंवा सह्या असतात पण त्यांत एक तृतीयांश स्त्रिया नसतात. जीपीएसने शेताची मोजणी करताना कोपरे चुकतात आणि दोन एकर कसणाऱ्याच्या नावावर काही गुंठे चढतात. ग्रामसभेने दावा फेटाळला तर उपविभागीय समितीकडे जायला ६० दिवस, पण दावेदाराला फेटाळल्याचं लेखी कळवलेलंच नसतं. विद्यार्थ्याने तिथे भाषण ठोकू नये. दावेदाराच्या पिशवीतले कागद तारखेप्रमाणे लावून द्यावेत, प्रत्येकाची झेरॉक्स काढावी आणि काय कमी आहे ते एका ओळीत लिहून पिशवीतच ठेवावं.

मग फेब्रुवारी. आता नदीवर जायचं, परीक्षेच्या आधीच्या सहा आठवड्यांत. प्रत्येक नाल्यासाठी तीन ठिकाणं: नाला मिळण्याच्या वर, मिळतो तिथे आणि पाणी पुरतं मिसळल्यावर खाली. वरचा नमुना घेतला नाही तर बाकी सगळं व्यर्थ, कारण समोरचा म्हणतो की पाणी मुळातच खराब आलं. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत कुठून उचललं ते लिहून ठेवलं तरच. वेळ एकच ठेवायची. दुपारी उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं आणि डीओचा (विरघळलेल्या प्राणवायूचा) आकडा चढतो. पहाटे तोच तळाला असतो. सोमवारी पहाटेचा आणि पुढच्या सोमवारी दुपारचा नमुना एका तक्त्यात मांडला तर नदी आठवड्यात सुधारली असं निघेल. गंगापूरमधून त्या दिवशी आवर्तन सुटलंय का, हेही जलसंपदेकडून विचारून पत्रकावर टिपायचं.

विरघळलेल्या प्राणवायूचा नमुना ३०० मिलिलीटरच्या, काचेच्या बुचाच्या बाटलीत घ्यायचा. तोंड प्रवाहाच्या दिशेला करून पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंटिमीटरवर बाटली हळूहळू भरू द्यायची. बुडबुडा राहिला तर ओतून पुन्हा. मग काठावरच, तिथल्या तिथे, मँगनस सल्फेट २ मिलिलीटर आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मिलिलीटर, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बूच लावून बाटली उलटी-सुलटी करायची. तपकिरी साका धरला तर पाण्यात प्राणवायू आहे. साका पांढराच राहिला तर नाही. मोठ्या नाल्याच्या तोंडाशी तो पांढरा राहतो तेव्हा कुणाला व्याख्यान द्यावं लागत नाही. पुढे प्रयोगशाळेत आम्ल घालून सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन: ०.०२५ नॉर्मलचं द्रावण आणि २०० मिलिलीटर नमुना घेतला तर एक मिलिलीटर द्रावण म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम, असा सोयीचा हिशेब बसतो. बीओडीची बाटली वेगळी, बर्फाच्या पेटीत, अंधारात. बीओडी २७ अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात, म्हणून गुरुवारी नमुना घ्यायचा नाही; वाचनाचा दिवस रविवारी येतो आणि प्रयोगशाळा बंद. जिवाणूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक, आणि ती मात्र काठोकाठ भरायची नाही.

आकडे कशाशी ताडायचे? स्नानाच्या पाण्याचे निकष घ्यावेत, कारण रामकुंडाच्या बाबतीत वाद घालायला जागा राहत नाही आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. डीओ ५ किंवा जास्त, बीओडी ३ किंवा कमी, विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू १०० मिलिलीटरला ५०० पर्यंत इष्ट आणि २५०० ही कमाल मर्यादा, सामू साडेसहा ते साडेआठ.

एवढं करून हा अहवाल कारखान्याविरुद्धच्या खटल्यात पुरावा होतो का? नाही. जल कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सांडपाण्याचा नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने घ्यायचा, जागेच्या ताबेदाराला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही सीलबंद करून दोघांच्या सह्या घ्यायच्या, आणि त्याने मागितलं तर दुसरा भाग कायद्याने नेमलेल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवायचा. यातली एक पायरी चुकली तरी तो अहवाल ग्राह्य नाही. मुलांचा नमुना कामाचा असतो तो या पायरीला भाग पाडण्यासाठी. तो जोडून मंडळाच्या उद्योग भवनातल्या कार्यालयाकडे संयुक्त पाहणी मागायची, आणि ती झाली की पंचनाम्यावर आपली सही आहे ना ते पाहायचं.

फोटोंची कथा त्याहून करुण. मोबाइलमध्ये काढलेला फोटो व्हॉट्सॲपवरून फिरला की त्यातली वेळ-स्थळाची माहिती गळून जाते आणि फाइल दाबली जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र दोन भागांत लागतं, एक पुरावा देणाऱ्याचं आणि एक तज्ज्ञाचं, त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारी तिची अंकाक्षरी खूण) नोंदवावं लागतं. म्हणून ज्या फोनने फोटो काढला तो कुणाचा, मूळ फाइल कुठे आहे, हॅश कधी काढला, हे त्याच संध्याकाळी वहीत. ग्रुपवर टाकायचे तर प्रत टाकावी.

हरित न्यायाधिकरणाचं (एनजीटीचं) पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. ते पाहायला एकदा तरी न्यावं. पण तिथे काय चालतं हे कळण्याआधी काय चालत नाही हे शिकवावं. २०१० च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सात कायदे आहेत. वन्यजीव कायदा त्यात नाही, राज्याचा १९७५ चा झाडांचा कायदाही नाही. सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठीच्या साधुग्रामसाठी तपोवनातल्या झाडांचा वाद २०२५ च्या अखेरीस पेटला तेव्हा ‘सरळ एनजीटीत जाऊ’ म्हणणाऱ्यांना आधी हाच प्रश्न पडायला हवा होता की कुठल्या कायद्याखाली. झाडांच्या कायद्यात तर करण्यासारखं आधीच बरंच असतं. नोटीस झाडावर लागते आणि वर्तमानपत्रातही येते, हरकतीला मोजके दिवस मिळतात. हरकत झाडागणिक घ्यायची: झाडाचा क्रमांक, जात, जमिनीपासून १.३७ मीटरवरचा घेर, अंदाजे वय, फोटो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष ठरतं आणि त्याच्या बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात, म्हणून वयाचा रकाना रिकामा ठेवणं कुणाच्या सोयीचं असतं ते उघड आहे. ‘झाडे वाचवा’ एवढंच लिहिलेल्या शंभर अर्जांपेक्षा घेर मोजलेली वीस पानं वजनदार.

न्यायाधिकरणाच्या मुदती भिंतीवर मोठ्या अक्षरांत. कलम १४ खाली वादाचं कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिने, अधिक सबळ कारण असेल तर ६० दिवस. भरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षं. पर्यावरण मंजुरीवर अपील ३० दिवसांत, फार तर आणखी ६०. एक्याण्णवाव्या दिवशी न्यायाधिकरणाच्या हातातही काही उरत नाही. भरपाई मागितली नसेल तर शुल्क १,००० रुपये. कामकाज इंग्रजीत, म्हणजे मराठी पंचनामा, ग्रामसभेचा ठराव, सातबारा यांची भाषांतरं लागतात, आणि इथे नाशिकच्या मुलांचा खरा उपयोग होतो. ‘गायरान’, ‘पोटखराबा’, ‘वहिवाट’ यांचं काय करायचं ते पुण्या-मुंबईच्या वकिलाच्या कार्यालयाला दरवेळी माहीत असतंच असं नाही.

शिक्षेचे आकडे मात्र पाठ करू देऊ नयेत. पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बऱ्याच शिक्षा १ एप्रिल २०२४ पासून १० हजार ते १५ लाखांच्या दंडावर आल्या. जल कायद्याची २०२४ ची दुरुस्ती काही राज्यांपुरती सुरू झाली. हा कायदा संविधानाच्या अनुच्छेद २५२ खालचा असल्याने बाकीच्या राज्यांत विधिमंडळाचा ठराव लागतो. प्रसंग कुठल्या तारखेचा आणि कुठल्या राज्यातला हे विचारल्याशिवाय आकडा लिहिणाऱ्याचे गुण कापावेत.

एप्रिल संपला की मुलं जातात. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप लागते, ती मे-जूनमध्ये घेणारे बरेच. त्यांना मुंबईतलं मोठं कार्यालय हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही. गैर असतं ते फाइल कपाटात टाकून जाणं. नाल्याचा नमुना एप्रिलमध्ये पांढरा आला, तक्रार मेमध्ये गेली, सहा महिन्यांचं घड्याळ एप्रिलपासूनच चालू असतं, आणि नवीन तुकडी येते जुलैत. म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हस्तांतराची बैठक परीक्षेइतकीच सक्तीची असावी. दुसऱ्या वर्षाच्या जोडीने फाइल पानं मोजून ताब्यात घ्यायची. पहिल्या पानावर पुढच्या मुदतीची तारीख, त्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची एक तारीख आणि सुट्टीत नाशिकमध्येच राहणाऱ्या एका विद्यार्थ्याचं नाव. नमुन्यांची नोंदवही प्रयोगशाळेत राहू द्यायची नाही, तिची प्रत फाइलला लावायची. ज्या फोनने फोटो काढले तो विकायच्या आधी कळवा, असं संबंधित विद्यार्थ्याकडून लिहून घ्यायचं. मुलं हसतात, पण दर वर्षी एक तरी फोन बदलला जातो आणि मूळ फाइल त्याच्याबरोबर जाते.